आबांची वही: शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) कुठं कुठं फुटला आणि कोल्हापुरात त्याचं काय उरलं?

करवीरकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलोच.

गेल्या महिन्यात करवीर तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवलं. माळ्यावरनं आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, पत्र्याची पेटी खाली आली. आत कसर लागलेलं लाल कापड, छातीला लावायचा गंजका बिल्ला आणि सुतळीनं बांधलेली एक वही. पहिल्या पानावर आबांच्या अक्षरात ‘शेतकरी कामगार पक्ष, गाव शाखा, सभासद यादी’. खाली ४३ नावं. सगळी एका बैठकीत, एकाच शाईनं लिहिलेली. पण नावांपुढं नंतर कधीतरी, वेगवेगळ्या शायांनी, एकेक अक्षर टाकलंय. ‘काँ’, ‘ना’, ‘मुं’, ‘वारले’.

मला काही उमगेना. आईनं सांगितलं. काँ म्हणजे काँग्रेसमध्ये गेला. ना म्हणजे नाना पाटलांच्या मागं गेला. मुं म्हणजे मुंबईला, गिरणीत. मोजलं तर काँ १७, ना ६, मुं ५, वारले ४. उरलेल्या ११ नावांपुढं काहीच नाही, म्हणजे आबांच्या हिशोबानं ते शेवटपर्यंत राहिले. त्या ११ मध्ये आबांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, आमच्या तात्यांचं नाव आहे. आणि तात्या १९६० नंतर काँग्रेसमध्ये गेले हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ही वही वाचल्यापासून डोक्यात एकच चाललंय. आपण ‘शेकाप संपला’ एवढं म्हणून मोकळे होतो. पण पक्ष एका दिवसात संपला नाही. तो तीन-चार वेळा फुटला आणि दर फुटीत वेगळ्या प्रकारची माणसं गेली. कोण गेलं यावरच मागं काय उरलं ते ठरलं.

नव्या वाचकांसाठी थोडा इतिहास सांगतो. १९४६ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे वगैरे मंडळींनी काँग्रेसमध्ये राहूनच शेतकरी-कामगारांचा वेगळा संघ उभा केला. बहुजन समाजातली माणसं काँग्रेससाठी तुरुंगात गेली आणि सत्ता आल्यावर शेतकऱ्याला कुणी विचारीना, हे त्यांचं दुखणं. पक्षाचा वर्धापनदिन २ ऑगस्ट १९४७ धरतात, पण काँग्रेसचा उंबरा खऱ्या अर्थानं ओलांडला तो १९४८ मध्ये, आळंदीच्या बैठकीनंतर. काँग्रेसनं पक्षात पक्ष चालणार नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळं दुसरा रस्ताही नव्हता.

त्या वेळी पक्षात तीन प्रवाह एकत्र आले होते. एक, जेध्यांसारखे सत्यशोधक-ब्राह्मणेतर चळवळीतले. दोन, क्रांतिसिंह नाना पाटलांसारखे पत्री सरकारातले लढवय्ये. तीन, दत्ता देशमुखांसारखे ‘नवजीवन संघटने’चे मार्क्सवादी, जे १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाशी भांडून बाहेर पडले होते. या तिघांना जोडणारी गोष्ट काँग्रेसवरचा राग. बाकी कशावर त्यांचं एकमत होतं, हे वही हातात घेऊन मी रोज विचारतोय.

१९५० मध्ये नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ दाभाडीला अधिवेशन झालं आणि शंकरराव मोऱ्यांचा दाभाडी प्रबंध मंजूर झाला. पक्षानं मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. जातीच्या भाषेत विचार करणाऱ्या पक्षानं एकदम वर्गाची भाषा उचलली. जेध्यांना ती मानवली नाही, १९५४ मध्ये ते काँग्रेसमध्ये परत गेले. पुढं खुद्द मोरेही गेले. ज्यानं प्रबंध लिहिला तोच गेला, याचं आबांना मरेपर्यंत दुःख होतं. मोऱ्यांचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जायचे, असं आई सांगते.

डावीकडून त्याआधीच तडा गेला होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर नाना पाटील, दत्ता देशमुख आणि साथीदार बाहेर पडले, त्यांनी कामगार किसान पक्ष काढला. १९५२ मध्ये मुंबई विधानसभेत शेकापला १४ जागा, कामगार किसान पक्षाला २. त्या पक्षाचेही पुढं दोन भाग झाले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९५७ मध्ये साताऱ्यातून खासदार झाले. देशमुख आणि सोबती लाल निशाण गटात राहिले.

मग संयुक्त महाराष्ट्राची लाट आली. त्या लाटेत १९५७ मध्ये शेकापच्या ३१ जागा आल्या. कोल्हापूरचे भाऊसाहेब महागावकर शेकापचे खासदार झाले. पण १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि संयुक्त महाराष्ट्र समितीतल्या पक्षांना बांधून ठेवणारी दोरीच सुटली. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण सुरू केलं. कराडच्या यशवंतराव मोहित्यांसारखे तोलाचे लोक काँग्रेसमध्ये गेले. १९६२ मध्ये आमदार १५.

आता माझं म्हणणं. पहिल्या फुटीत अभ्यासवर्ग घेणारे, पोरांना वाचायला लावणारे गेले. वहीतले ‘ना’ वाले सहाही जण चौथी-सातवी शिकलेले होते, शाखेचं वाचनालय तेच चालवत. ते गेल्यावर वाचनालयाला कुलूप लागलं. दुसऱ्या फुटीत गेले ते बागायतवाले, विहीरवाले, ज्यांच्या शब्दावर सोसायटीत कर्ज मिळायचं असे. मागं राहिले मोर्चात पुढं आणि संस्थेत कुठंच नसलेले लोक.

आणि याचा परिणाम आमच्या बांधावर मी स्वतः बघितलाय. तात्यांचं आणि आमचं रान एकाच बांधाच्या दोन अंगाला. लागण एकाच आठवड्यातली, पाणी एकाच पाटाचं. तात्यांचा ऊस डिसेंबरात तुटायचा, आमचा मार्चअखेर. मी पाचवी-सहावीत असताना वडील दर चार दिवसांनी स्लिपबॉयकडं, म्हणजे कारखान्याच्या तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याकडं, जायचे. तो पाळीपत्रक उघडायचा, बोट फिरवायचा आणि म्हणायचा, ‘तुमची नोंद मागं दिसते.’ फेब्रुवारीत उसाला पांढरा तुरा आला होता. लांबून बघायला देखणा दिसतो, पण तुरा आला की ऊस पोकळ पडायला लागतो आणि वजन काट्यावर कळतं. वडिलांनी त्या वर्षी तुरे मोडून म्हशीला घातले. कारखान्याचं नाव मी लिहिणार नाही. विरोधी पॅनेलला मत देणाऱ्यांच्या नशिबी तेव्हा बऱ्याच ठिकाणी हेच होतं.

पक्ष फुटला म्हणजे काय झालं, तर एका बांधाच्या दोन अंगाला दोन वेगळे तोडणीचे महिने आले.

तुमच्या घरात, गावात याच्या काही खुणा आहेत का? लिहा. मी वाचतोय.


बिंदू चौक

करवीरकाठ, धागा वाचून रात्री झोप लागली नाही. मी निवृत्त शिक्षक, वय ७४. लहानपण शाहू मिलच्या भोंग्यावर गेलं.

एक दुरुस्ती सुचवतो. तुम्ही सगळं कोण गेलं यावर नेलंत. ते बरोबर आहे, पण का गेलं याकडं जरा जास्त बघा. १९६० नंतर जे गेले त्यांना नुसतं लालूच म्हणून सोडून देऊ नका. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. त्याच काळात सहकारी साखर कारखाने गावोगाव उभे राहात होते. गावातल्या कर्त्या माणसासमोर प्रश्न होता की रस्ता, शाळाखोली, पाझर तलाव, उसाला कारखाना हे सगळं सत्तेकडून आणायचं की सत्तेबाहेर राहून मागत बसायचं. माझे मामा गेले. त्यांनी गावाला हायस्कूल आणलं. मी त्याच हायस्कुलात शिकलो आणि त्याच मामांशी पुढं वीस वर्षं राजकारणावर बोललो नाही. दोन्ही खरं आहे.

कोल्हापुरात हा दुभंग शेकापच्याही आधीचा आहे. १९३९ मध्ये संस्थानात प्रजा परिषद निघाली तेव्हा माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार एकाच व्यासपीठावर होते. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर रत्नाप्पाण्णा काँग्रेसमध्ये राहून पंचगंगा कारखान्याकडं वळले, आणि भाई बागल संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्त्यावर उतरले. एक संस्था उभारणारा, एक चौक गाजवणारा. कोल्हापूरला दोघंही हवे होते. पण एका पक्षात मावले नाहीत.

बिंदू चौकात आजही जोतिबांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा शेजारी-शेजारी आहे. बागलांच्या पुढाकारानं ९ डिसेंबर १९५० ला बसवले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. मी शाळेच्या पोरांना तिथं घेऊन जायचो आणि तारीख पाठ करून घ्यायचो.

एन. डीं.बद्दल तुम्ही लिहिलंच नाहीत, म्हणून लिहितो. प्रा. एन. डी. पाटील वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे, १९४८ पासून शेकापमध्ये. पक्ष तीनदा-चारदा फुटला, ते हलले नाहीत. शरद पवारांची बहीण घरात, १९७८ ते १९८० पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात सहकारमंत्री, तरी मंत्रिपद गेल्यावर माणूस पुन्हा एसटीच्या बाकावर. १९८५ मध्ये ते कोल्हापूर शहरातून आमदार झाले. त्या प्रचारात मी मास्तरकीची नोकरी सांभाळून रात्री भिंती रंगवल्या आहेत. चुन्यात काव कालवायची आणि काथ्याच्या कुंच्यानं अक्षर काढायचं. सकाळी शाळेत हाताला लाल डाग. हेडमास्तर बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, कारण त्यांच्याही बोटाला असायचे.


यंत्रमाग

इचलकरंजीतून लिहितोय. वडील मागावर, आई कांडी भरायला. धाग्यात शेतकरी भरपूर आला, पक्षाच्या नावातला कामगार कुठाय?

दादा, तुमच्या वहीतले ‘मुं’ पाच जण बघा. ते फुटले नाहीत, पोटासाठी गेले. पण गेले तिथं त्यांचा पक्ष बदलला. गिरणगावात शेकापचं काय होतं? तिथं कम्युनिस्टांची युनियन होती, समाजवाद्यांची होती, काँग्रेसची होती. गावात शेकापच्या खटाऱ्याला मत देणारा माणूस लालबागच्या खोलीत दुसऱ्याच लाल बावट्याखाली बसायचा. शेतकऱ्याचा पक्ष आणि कामगाराची युनियन एकाच घरात असूनही एकमेकाला भेटल्या नाहीत. हीच मला सगळ्यात मोठी फूट वाटते, आणि तिची तारीख कुठंच लिहिलेली नाही.

आमच्याकडं बावटे वेगळे असले तरी रंग एकच. लाल निशाण, भाकप, १९६४ नंतर माकप. पुढं लाल निशाणमधनंही लेनिनवादी गट वेगळा झाला. मजुरीवाढीच्या वाटाघाटीला एका बाजूला मालकांची संघटना एकजुटीनं बसायची. दुसऱ्या बाजूला तीन-चार युनियनचे पुढारी, प्रत्येकाचं मागणीपत्र वेगळं. एक पिकाला (आडव्या धाग्याच्या एका फेरीला) अमुक पैसे मागतो, दुसरा पाच पैसे जास्त सांगतो, कारण त्याला आपल्या मेंबरांना तोंड दाखवायचं असतं. मग मधला आकडा निघायचा तो दोघांच्याही खालचा.

वडिलांनी तीन युनियनच्या पावत्या फाडल्यात आयुष्यात. त्यांना विचारलं, बदलली का? म्हणाले, ‘मी खातं बदललं, तिथली युनियन वेगळी होती. माग तोच.’


माणगाव

जय भीम. करवीरकाठ, मनापासून लिहिलंय, म्हणून मनापासूनच उत्तर देतो.

तुमच्या ४३ नावांत आमच्या दलित वाड्यातली किती? वही बघून सांगा.

विचारण्याचं कारण असं. या भागात मजुरांचा पक्ष शेकापच्या दहा-बारा वर्षं आधी आला होता. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात ‘मजूर’ होतं, जात नव्हती. १९३८ मध्ये खोतीच्या विरोधात कोकणातले हजारो कुळवाडी मुंबईत मोर्चानं आणले, त्यात कुणबी होते, मराठा होते, महार होते. ती भट्टी आणखी दहा वर्षं पेटली असती तर १९४८ मध्ये शेतकरी-कामगारांचा वेगळा पक्ष काढायची वेळ कदाचित आली नसती. पण १९४२ मध्ये तो पक्ष मागं पडला आणि शेड्युल्ड कास्ट फेडरेशन निघाला. त्याची कारणं इंग्रजांशी चाललेल्या वाटाघाटीत होती, तसंच तुमच्याकडच्या पाटलांच्या वागण्यातही होती. मजूर म्हणून बरोबर बसायला तयार, पाणवठ्यावर नाही.

तरी १९५७ मध्ये कोल्हापूरनं एक गोष्ट करून दाखवली. मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. शेकापचे महागावकर आणि फेडरेशनचे शंकरराव दिगे, दोघं एकाच वेळी खासदार झाले. आमच्या आजीनं दोन मतं दिल्याचं ती अभिमानानं सांगायची, एक आपल्याला, एक त्यांना. ते पुन्हा घडलं नाही.

आणि फुटीचं म्हणाल तर आम्ही तुमच्यापुढं आहोत. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि दोन वर्षांत ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ हे शब्द आले. ॲड. बी. सी. कांबळे एकीकडं, दादासाहेब गायकवाड दुसरीकडं. भांडण काय होतं? कम्युनिस्टांबरोबर जमिनीचा लढा करायचा की नाही. म्हणजे तुमच्या दाभाडीतला जो प्रश्न, तोच आमच्या दारात. दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह करून दाखवले, माणसं तुरुंगात मावली नाहीत. त्या वेळी शेकाप आणि रिपब्लिकन एका जागी नीट बसले असते तर गायरानाचा प्रश्न आज असा लोंबकळत राहिला नसता, हे माझं ठाम मत आहे.


करवीरकाठ

माणगाव, वही पुन्हा बघितली. वाड्यातली दोन नावं आहेत. शेवटची दोन, ४२ आणि ४३. त्यांच्यापुढं काही खूण नाही, पण आधी एक रेघ ओढून मग ती नावं लिहिलीत. रेघ का ओढली हे मला सांगता येणार नाही, म्हणजे सांगता येतंय पण लिहायला जड जातंय. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. मी ती रेघ नजरेआड करून ४३ मोजली होती.

यंत्रमाग, शेतकऱ्याचा पक्ष आणि कामगाराची युनियन एका घरात असून भेटल्या नाहीत, हे मला सुचलंच नव्हतं.


भोगावतीची लेक

दादा, माझाही एक प्रश्न. वहीत बायका किती?

उत्तर मला माहीत आहे, तरी विचारते. आमची आजी राधानगरी भागातली. आजोबा शेकापचे, घरात दर आठवड्याला बैठक. वीस-पंचवीस माणसांच्या भाकरी आजी थापायची. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आजोबा तुरुंगात होते तेव्हा तिनं रान एकटीनं केलं, आणि सावकाराला दारात उभं करून ‘मालक आल्यावर या’ म्हणून परत पाठवलं. ती सभासद नव्हती.

पुढं आजोबांचे दोन मित्र काँग्रेसमध्ये गेले. आजोबांनी त्यांच्या घरी जाणं सोडलं. आजीनं सोडलं नाही. त्या घरच्या बाळंतपणाला ती गेली, त्यांची सून आमच्याकडं वाण घेऊन आली. पुरुषांचे पक्ष फुटले, तरी हळदी-कुंकवाची यादी फुटली नाही. गावात पुढं पाणीपुरवठा संस्था झाली तेव्हा दोन्ही गटांना एका टेबलावर आणणारी दोरी हीच होती. इतिहासात हे कुणी लिहीत नाही म्हणून इथं लिहून ठेवते.


शिरोळचा शेतकरी

धागा लई भारी. आमच्या पिढीनं शेकाप बघितलाच न्हाई म्हणा, आमी ऊस परिषदेवर वाढलो. जयसिंगपूरला मैदान भरलंय, स्टेजवरनं उसाच्या पहिल्या उचलीचा (हप्त्याचा) आकडा जाहीर हुतोय आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर एक बी ट्रॅक्टर दिसत न्हाई, ही ताकद डोळ्यानं बघितलीय.

पण फुटीचं विचाराल तर तीच गोष्ट. शरद जोशींनी शेतकरी संघटना उभी केली. २००४ च्या सुमाराला त्यांचा भाजप-सेनेशी घरोबा झाला, राजू शेट्टी वेगळे झाले, स्वाभिमानी काढली. २००४ ला शिरोळचे आमदार, २००९ आणि २०१४ ला हातकणंगलेचे खासदार. सदाभाऊ खोत बरोबर हुते, ते राज्यमंत्री झाले आणि २०१७ ला संघटनेनं त्यांना काढलं. २०१९ आणि २०२४ ला शेट्टीसाहेब पडले.

जेधे काँग्रेसमध्ये गेले तवाचं आणि सदाभाऊ मंत्री झाले तवाचं कारण मला एकच वाटतं. रस्त्यावरचा पुढारी सत्तेच्या दारात गेला की मागच्या लोकांना वाटतं गेला हातचा. आणि गेला न्हाई तर तेच लोक म्हणत्यात, ह्यानं आमचं काम काय केलं? आमच्या घरात वडील शेट्टींचं, थोरला भाऊ सदाभाऊंचा, मी कुणाचाच न्हाई. एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) मात्र तिघांची बी एकाच खात्यावर येती.


अलिबागकर

आमच्याकडची बाजू मांडतो. अलिबाग, पेण, पनवेल, उरण हा शेकापचा बालेकिल्ला कोल्हापूरच्या नंतर कितीतरी वर्षं टिकला. कारणं दोन वाटतात.

एक, चरीचा संप. १९३३ ते १९३९, सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोताची शेतं पेरली नाहीत. नारायण नागू पाटलांनी तो लढवला, बाबासाहेब त्याच्या पाठीशी होते. पक्ष येण्याआधीच इथं माणसं एकत्र उपाशी राहिली होती. असा पक्ष पुढाऱ्याच्या जाण्यानं मोडत नाही.

दुसरं, आमच्याकडं साखर कारखाना नव्हता. हे नीट बघा. पक्ष पुढच्या काळात कुठं टिकला? अलिबाग-पनवेल, दुष्काळी सांगोला, कंधार-लोहा. गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले ते उसाच्या नव्हे, ज्वारी-डाळिंबाच्या भागातून. जिथं ऊस आणि सहकार गेला तिथं शेकापचा सधन शेतकरी काँग्रेसला मिळाला.


बिंदू चौक

अलिबागकर, मुद्दा वजनदार आहे, पण सांगरूळ तुमच्या हिशोबात बसत नाही. शुद्ध उसाचा भाग, तरी १९९९ मध्ये तिथून शेकापचा आमदार आला. आणि १९७७ मध्ये पक्षाचे पाच खासदार झाले, त्यात कुलाब्याचे (आताच्या रायगडचे) दि. बा. पाटील, नांदेडचे केशवराव धोंडगे, लातूरचे उद्धवराव पाटील, परभणीचे शेषराव देशमुख यांच्याबरोबर आमचे दाजीबा देसाई होते. तेव्हा कोल्हापुरात कारखाने कमी नव्हते. उसानं पक्ष खाल्ला हे निम्मं खरं. आपली माणसं कारखान्याच्या सत्तेपासून लांब ठेवली गेली आणि आपणही ‘ते आपलं काम नव्हे’ म्हणून लांब राहिलो, हे उरलेलं निम्मं.

आज काय उरलं म्हणाल तर माझ्या मते कृती समिती. कोल्हापूर शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्धचा लढा आठवा. एन. डी. पंच्याऐंशीच्या घरात, हातात काठी, आणि मोर्चाच्या तोंडाशी. शेजारी कॉम्रेड गोविंद पानसरे. एक शेकापचा, एक भाकपचा, मागं सगळ्या पक्षांची माणसं. शेवटी टोल रद्द झाला. पानसरे त्याआधीच गेले. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या, २० तारखेला प्राण गेला. एन. डी. १७ जानेवारी २०२२ ला गेले. प्रश्न आला की पक्ष बाजूला ठेवून एकत्र बसायचं, हे कोल्हापूरला या माणसांनी शिकवलं. मत मात्र प्रत्येक जण आपापल्या गटाला देतो. टोलच्या मोर्चात माझ्या शेजारी चालणाऱ्यांपैकी किती जणांनी १९८५ नंतर पुन्हा लाल बावट्याला मत दिलं असेल, हा प्रश्न मला छळतो.


करवीरकाठ

शेवटचं लिहितो, मग काही दिवस जमणार नाही.

काल वही घेऊन तात्यांच्या घरी गेलो होतो. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे थोरले चिरंजीव, माझे चुलते, आता ८१ वर्षांचे. लहानपणी या घरी आम्हाला फक्त दिवाळीला आणि मयताला पाठवत. काकींनी चहा ठेवला. काकांनी चष्मा पुसला आणि वही पहिल्या पानापासून, एकेका नावावर बोट ठेवून, मोठ्यानं वाचायला घेतली.

नवव्या नावावर थांबले. ‘काँ’ लिहिलंय. म्हणाले, ‘हा कुठं गेला काँग्रेसमध्ये? ह्याची बैलजोडी दावणीला मेली त्या वर्षी. कर्ज काढायला सोसायटीत गेला, तिथं चेअरमनबरोबर बसलेला तुझ्या आबांनी बघितला.’ मग सव्विसावं नाव. तेही ‘काँ’. ‘ह्याला मुंबईला भावानं नेला, पुढं गिरणीतच रिटायर झाला.’ ‘ना’ मधल्या एकाला म्हणाले, हा नाना पाटलांचं भाषण ऐकायला सायकलवरनं साताऱ्याला गेला होता एवढंच, शाखा सोडली नव्हती.

मी पेन्सिल दिली. त्यांनी तिन्ही ठिकाणी आबांची खूण न खोडता शेजारी बारीक अक्षरात लिहिलं. माझा पहिल्या पोस्टमधला आकडा तेवढा दुरुस्त करून घ्या. काँ १५, ना ५, मुं ६. माणगाव, ती रेघही त्यांना दाखवली. त्यांनी बघितली, नावं दोनदा वाचली आणि त्यातल्या एकाची नात आता कुठं दिली आहे ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तिकडं जाणार आहोत.

तात्यांच्या नावाशी आल्यावर मी पेन्सिल पुढं केली. काकांनी ती घेतली, खिशाला लावली आणि पुढचं नाव वाचलं.